४३ मिलिमीटर आणि माझी उंची

माझी अओर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी नळी, ४३ मिलिमीटर रुंद आहे आणि दादाची ४५, त्यामुळे आमच्या घरी सगळ्यांनी मनाशी ठरवूनच टाकलंय की दादाचं जास्त सिरीयस आहे. आई फोनवर आधी त्याची चौकशी करते, मग माझी. वहिनीने त्याचं लोणचं-पापड बंद केलंय, माझ्या ताटात मात्र आग्रह करकरून वाढतात. यात मला राग यावा असं काही नाही, मोठा आकडा दिसला की माणसाला तोच मोठा वाटणार. पण आमचे दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवून नीट बघितले तर काळजी करायची वेळ माझी आधी येऊ शकते, आणि ते का हे समजून घेताना मी जे काही वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून पक्कं केलं ते इथे लिहून ठेवतेय. कारण आमच्यासारखा हृदयाचा व्हॉल्व्ह जन्मतःच वेगळा असलेली माणसं आपल्यात भरपूर आहेत, त्यांच्या हातात एक आकडा येतो, आणि तो आकडा कुणाच्या अंगातला, नळीत नेमका कुठे मोजलेला, कुठल्या मशीनने मोजलेला हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हृदयातून शुद्ध रक्त जिथून शरीराकडे निघतं तिथे एक व्हॉल्व्ह असतो, त्याला तीन पाकळ्या असतात. काहींना जन्मतःच दोनच असतात, किंवा खरं तर बहुतेकांच्या बाबतीत तीनपैकी दोन एकमेकींना चिकटून एक झालेल्या असतात. याला बायकस्पिड अओर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. हृदयाच्या जन्मजात दोषांमध्ये हा सगळ्यात कॉमन, शंभरात एखाद-दुसऱ्या माणसाला असतो असं धरतात, आणि बायकांपेक्षा पुरुषांमध्ये दोन-तीन पट जास्त. कित्येकांना वयाच्या पन्नाशीपर्यंत पत्ताच नसतो. मग कुणाचा व्हॉल्व्ह कडक होऊन अरुंद होतो, कुणाचा गळायला लागतो, आणि साधारण निम्म्या लोकांमध्ये व्हॉल्व्हच्या पुढची मोठी नळी, म्हणजे अओर्टा, म्हणजे महाधमनी, हळूहळू रुंद होते, आणि फार रुंद झाली तर आतून फाटू शकते. माझा व्हॉल्व्ह अजून छान चालतो, किंचित लीक आहे तेवढंच, तरी नळी वाढलीच आहे. व्हॉल्व्ह चांगला म्हणजे सगळं चांगलं असं इथे होत नाही हे मला आधी कळलंच नव्हतं, कारण पहिल्या रिपोर्टनंतर सगळी चर्चा व्हॉल्व्हचीच झाली होती.

माझं कळलं ते पित्ताशयाच्या खड्यांमुळे. ऑपरेशनच्या आधी फिटनेससाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला होता. डाव्या कुशीवर झोपायचं, डावा हात डोक्याखाली, छातीवर गार जेली, आणि इको करणारे सर एका हाताने प्रोब दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने मशीनवरचा गोळा फिरवत राहतात. व्हॉल्व्ह बंद असतो तेव्हा बायकस्पिडमध्येसुद्धा तीन रेषा दिसू शकतात, कारण दोन पाकळ्या जिथे चिकटलेल्या असतात तिथे एक शिवण राहते, आणि घाईत बघणाऱ्याला ती तिसरी फट वाटते. उघडताना मात्र लपत नाही. तीन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह त्रिकोणी उघडतो, हा मात्र माशाच्या तोंडासारखा उघडतो. सरांनी चित्र थांबवलं, मागे घेतलं, परत पुढे, आणि मला म्हणाले, "ताई, हे बघा." मी मान वळवून बघितलं आणि मलासुद्धा दिसलं.

मग नळीचं माप. हा भाग मी फार लक्ष देऊन बघितला, आणि पुढच्या प्रत्येक इकोत बघते. सर चित्र फ्रीज करतात, नळीच्या एका भिंतीवर एक अधिकचं चिन्ह ठेवतात, समोरच्या भिंतीवर दुसरं, मधे ठिपक्यांची रेघ येते आणि कोपऱ्यात आकडा. ४.१ सेंटिमीटर आला. सरांनी मान हलवली, खालचं चिन्ह केसभर सरकवलं, ४.३. त्या केसभर सरकवण्यात दोन मिलिमीटर होते. भिंत म्हणजे काही पेन्सिलीने ओढलेली रेघ नसते, जाड पांढरा पट्टा दिसतो, त्याची आतली कड धरली की एक आकडा, बाहेरची धरली की दुसरा. इकोमध्ये मोठ्यांसाठी रूढ पद्धत अशी की जवळच्या भिंतीच्या वरच्या कडेपासून लांबच्या भिंतीच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं, म्हणजे एक भिंत मापात येते आणि एक येत नाही. सीटी किंवा एमआरआयमध्ये बरेच जण आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात. एकाच माणसाची एकाच दिवशी दोन्ही मापं घेतली तरी एक-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो, आणि दोन्ही बरोबर असतात. त्यात नळी प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते आणि बसते, म्हणून ठोक्याच्या कुठल्या क्षणी मोजलं तेही आलं.

म्हणून कुणी मला सांगितलं की गेल्या वर्षी ४२ होती आणि आता ४४ झालीय तर मी आधी विचारते की दोन्ही वेळेस इकोच होता का, त्याच सेंटरला का, आणि मापाची जागा तीच का. कारण बायकस्पिडवाल्यांची नळी सरासरी वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, काहींची त्याहून जोरात वाढते हे खरं, पण वर्षात दोन मिलिमीटर वाढ ही बऱ्याचदा नळीतली नसते, मोजण्यातली असते. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना असाच फरक बघून रात्र रात्र झोप नव्हती, शेवटी दोन्ही वेळच्या सीडी एकाच रेडिओलॉजिस्टने शेजारी लावून एकाच जागी मोजल्या तर दोन्हीकडे सारखंच माप निघालं. जुन्या सीडी, जुने रिपोर्ट कधीही टाकू नका. कागदावरच्या आकड्यापेक्षा मूळ चित्रं महत्त्वाची, कारण ती परत मोजता येतात.

जागेचं पण सांगते. अओर्टा म्हणजे एकच एक जाडीची पाईप नसते. व्हॉल्व्हचं कडं, त्याच्या लगेच वरचा फुगीर भाग ज्याला रूट म्हणतात, मग परत थोडी चिंचोळी जागा, आणि मग वर जाणारा सरळ भाग, असेंडिंग अओर्टा. प्रत्येक ठिकाणचं नॉर्मल वेगळं. इकोवर मोठ्या माणसांचा रूट पुरुषांमध्ये सरासरी ३४ मिलिमीटर आणि बायकांमध्ये ३० च्या आसपास, असेंडिंग त्याहून तीन-चार मिलिमीटरने कमी. रिपोर्टवर नुसतं 'अओर्टा ४.३' असेल तर त्याला काही अर्थ नाही, कुठली ४.३? बायकस्पिडमध्ये बहुतेकांचा असेंडिंगचा भाग वाढतो, दादाचं आणि माझं दोघांचंही तसंच आहे. काहींचा मुख्यतः रूट वाढतो, आणि तो प्रकार डॉक्टर जास्त गांभीर्याने घेतात. आणि सीटीमध्ये अजून एक भानगड असते, नळी छातीत तिरकी जाते आणि साधा आडवा काप घेतला तर गोल नळी लंबगोल दिसते, माप जास्त येतं. नळीला काटकोनात काप फिरवून मोजावं लागतं. दादाचं पहिल्यांदा ४८ लिहून आलं होतं ते याच कारणाने, नीट काप घेतल्यावर ४५.

आता उंचीचं.

माझी उंची १५१ सेंटिमीटर. दादा १७८. इतका फरक कसा ते माहीत नाही, तो बाबांवर गेला, मी आजीवर. लहान माणसाची नळी मुळात लहान असते, मोठ्या माणसाची मोठी, एवढी साधी गोष्ट आहे. मग ऑपरेशन कधी करायचं याची ५.५ सेंटिमीटरची एकच रेषा दोघांना कशी लावायची? सर्जनने मला प्रिस्क्रिप्शनच्या मागे गणित करून दाखवलं आणि ते मी जपून ठेवलंय. नळीच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ काढायचं आणि मीटरमधल्या उंचीने भागायचं. माझं, ४.३ चं निम्मं २.१५, त्याचा वर्ग करून ३.१४ ने गुणलं की साडेचौदा चौरस सेंटिमीटर, भागिले १.५१, उत्तर ९.६. दादाचं, ४.५ चं निम्मं २.२५, क्षेत्रफळ १५.९, भागिले १.७८, उत्तर ८.९. रेषा आहे १० ची. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या सर्जन लोकांनी बायकस्पिडच्या पेशंटवर हे गुणोत्तर २००३ मध्ये मांडलं, आणि २०२२ च्या अमेरिकन गाईडलाईनमध्ये बायकस्पिडसाठी ते घेतलंय, म्हणजे १० किंवा वर असेल तर अनुभवी टीमने ऑपरेशनचा विचार करणं योग्य आहे असं. या हिशोबाने मी ४४ ला रेषेवर पोचते आणि दादा जवळपास ४८ ला. त्याचा आकडा मोठा असूनही त्याच्याकडे तीन मिलिमीटर आहेत आणि माझ्याकडे एक.

आणि तो एक मिलिमीटर म्हणजे वर लिहिलं तेच, अधिकचं चिन्ह केसभर सरकवलं की संपला. म्हणूनच सर्जनने लगेच काही ठरवलं नाही, ठोक्याशी जुळवून घेतलेला सीटी करायला सांगितला आणि म्हणाले यापुढे तुमचं माप इकोवरून ठरवायचं नाही.

हे एकच सूत्र आहे असंही नाही. येल युनिव्हर्सिटीच्या टीमने २०१८ मध्ये अजून सोपं मांडलं, नुसता व्यास भागिले उंची. आधी ते वजनही धरायचे, पण वजन कमी-जास्त होतं, उंची होत नाही, आणि नुसत्या उंचीने अंदाज तितकाच चांगला येतो असं त्यांना दिसलं. तिथली रेषा ३.२१. माझं २.८५ येतं, दादाचं २.५३. या हिशोबाने मला अजून बरीच जागा आहे, साडेअठ्ठेचाळीसपर्यंत, आणि दादाला तर साध्या ५.५ च्या नियमाचीच रेषा आधी लागेल. म्हणजे दोन सूत्रं माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. मला सुरुवातीला याचा खूप त्रास झाला, की अरे एक काय ते ठरवा ना. आता असं वाटतं की दोन्ही सूत्रं निदान माझी उंची तरी विचारतात, आणि दोन्हींच्या मते दादापेक्षा मीच रेषेच्या जास्त जवळ आहे. नुसता ५.५ चा आकडा कुणाचीच उंची विचारत नाही. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंची १५२ च्या आसपास, म्हणजे मी काही वेगळी बुटकी नाही, मी सरासरीच आहे. मग '४.३ ना, ५.५ ला बघू, अजून खूप लांब आहे' हे वाक्य आपल्याकडच्या किती बायकांना ऐकवलं जात असेल? मलाही ऐकवलं गेलं, चांगल्या मनाने, धीर द्यायलाच. पण धीर देताना उंची तरी बघा ना.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण टर्नर सिंड्रोमच्या मुलींचं. त्यांच्यात एक एक्स क्रोमोझोम पूर्ण किंवा अर्धवट नसतो, उंची कमी राहते, आणि बायकस्पिड व्हॉल्व्हचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यांची नळी मोठ्या माणसाच्या तक्त्यात नॉर्मल दिसणाऱ्या मापालाही फाटू शकते, म्हणून त्यांच्यासाठी शरीराच्या आकाराने भागलेलंच माप बघायचं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथे सगळ्यांना पटलंय. टर्नर नसलेल्या बुटक्या बायकांपर्यंत ते अजून झिरपायचंय.

५.५ कुठून आलं हेही सांगते, कारण हा आकडा कायम तसाच नव्हता. एके काळी बायकस्पिडची नळी मार्फन सिंड्रोम या जन्मजात आजारातल्या नळीइतकीच नाजूक मानायचे, आणि ५ सेंटिमीटरला ऑपरेशन करा, काही जण तर त्याच्याही आधी करा म्हणायचे. मग २०११ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीचा अभ्यास आला. ४१६ बायकस्पिडवाली माणसं, सरासरी १६ वर्षं लक्ष ठेवलेलं, आणि त्यात नळी आतून फाटण्याच्या घटना किती, तर फक्त २. बाकी लोकांच्या तुलनेत धोका आठपट निघाला, पण मुळात ही गोष्टच इतकी दुर्मिळ आहे की आठपट होऊनही ती दहा हजार माणसांमागे वर्षाला तीनच. हे वाचून मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. म्हणूनच २०१४ मध्ये अमेरिकन गाईडलाईनने रेषा ५.५ ला नेली, आणि घरात कुणाची नळी फाटलेली असेल किंवा वाढीचा वेग जास्त असेल तर ५ ला विचार करायचा असं ठरलं, आणि २०२२ च्या गाईडलाईनमध्ये रूटचा प्रकार किंवा पुढे जन्मतः आवळलेली नळी हीही कारणं आहेत. व्हॉल्व्हसाठी छाती उघडणारच असतील तर ४.५ लाच नळीपण बदलून घ्या असंही आहे. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, पण ती मिनेसोटातली माणसं आहेत, बहुतेक युरोपियन वंशाची, अंगापिंडाने आपल्याहून थोराड. त्यांच्यावरून धोका किती कमी आहे ते शिकावं, सेंटिमीटरची रेषा मात्र आपल्या अंगाला लावून बघावी.

दुसऱ्या बाजूचंही एक आहे. ज्यांची नळी अचानक फाटली अशांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत, २००७ मध्ये छापलेल्या, जवळपास ५९ टक्के लोकांचं माप ५.५ पेक्षा कमी होतं. हे ऐकून घाबरायला होतं, पण याचा अर्थ असा की लहान मापाची माणसं जगात प्रचंड संख्येने आहेत, त्यामुळे प्रत्येकाचा धोका कमी असला तरी एकूण संख्या मोठी दिसते. मला यातून एवढंच कळलं की सेंटिमीटरवर सगळं ठरत नाही.

नळी कशामुळे वाढते यावर डॉक्टरांमध्येही दोन बाजू आहेत आणि माझ्या मते दोन्ही खऱ्या असणार. एक म्हणजे प्रवाह. वेडावाकडा उघडणारा व्हॉल्व्ह रक्ताची धार सरळ मधून न सोडता एका बाजूच्या भिंतीवर सोडतो, आणि खास प्रकारच्या एमआरआयमध्ये रक्त नळीत पिळे घेत जाताना दिसतं, नेमकं जिथे धार आदळते तिथेच भिंत जास्त खराब झालेली सापडते. दुसरं म्हणजे भिंतच मुळात कच्ची, कारण गर्भात व्हॉल्व्ह आणि नळीचा हा भाग घडवणाऱ्या पेशींचं नातं जवळचं असतं. २००५ मध्ये नॉच-१ नावाच्या जीनमधला बिघाड काही कुटुंबांमध्ये सापडला, पण बहुतेक कुटुंबांमध्ये एकच एक जीन बोट दाखवून सांगता येत नाही. आमच्यातही नाही.

आमच्या कुटुंबाचं विचाराल तर खरी अडचण तिथेच आहे. सर्जनने विचारलं, "घरात कुणी अचानक गेलं होतं का?" आमचे धाकटे काका गेले, पन्नाशीही झाली नव्हती. बाजाराच्या दिवशी पोती उतरवताना पाठीत कळ आली, दोन खांद्यांच्या मधोमध, चाकूने चिरल्यासारखी असं म्हणाले होते, घाम फुटला, गाडी करून तालुक्याला नेईपर्यंत संपलं. सगळ्यांनी म्हटलं अ‍ॅटॅक. आपल्याकडे अचानक गेलेला प्रत्येक माणूस अ‍ॅटॅकनेच जातो. पोस्टमॉर्टेम नाही, इको कधी केलेला नाही, कागद नाही. सर्जनने ते सगळं शांतपणे ऐकलं आणि फाईलवर 'संशयास्पद फॅमिली हिस्टरी' असं लिहिलं. आता त्या एका शब्दाने माझी रेषा हलते, दादाचीही हलते, ५.५ ची ५ होऊ शकते, आणि नक्की काय झालं होतं ते काकांबरोबरच गेलं. अशी पाठीत किंवा छातीत एकदम जोराची, फाटल्यासारखी कळ आली तर कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या सांगायचं की माझी महाधमनी वाढलेली आहे, आधी तिचा सीटी करा. कारण हार्ट अ‍ॅटॅक समजून रक्त पातळ करायची, गुठळी विरघळवायची औषधं दिली आणि नळी फाटलेली असली तर ती औषधं जिवावर बेतू शकतात. माझ्या पर्समध्ये मराठी आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी असते. दादाच्या पाकिटात वहिनीने ठेवलीय.

रोजच्या जगण्यात काय बदललं, तर खूप नाही. बीपी. हे सगळ्यात महत्त्वाचं, घरी मशीन आणलंय. दादाचा जीव जिममध्ये होता, शंभर-सव्वाशे किलो उचलायचा, श्वास रोखून दात-ओठ खाऊन. त्या क्षणी बीपी कुठल्या कुठे जातं, आणि ते नळीवर येतं. ते बंद केलं, चालणं, हलकं सायकलिंग, पोहणं चालू. त्याला हे औषध-गोळीपेक्षा जड गेलं, मी त्याला दोष देत नाही. मी गॅसचा सिलिंडर, पाण्याची भरलेली कळशी उचलत नाही, शाळेत बेंच सरकवायचे असले की मुलांना सांगते. दातांची स्वच्छता, कारण अशा व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग लवकर होतो. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या कुळातल्या अँटिबायोटिकबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला की ज्यांची महाधमनी वाढलेली आहे किंवा ज्यांना तो धोका आहे त्यांना, दुसरा पर्याय असेल तर, ही देऊ नयेत. आपल्याकडे जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की याच गोळ्या आधी हातात पडतात, मेडिकलवाला चिठ्ठी न बघताही देतो. माझ्या फॅमिली डॉक्टरांना मी सांगितलं, त्यांनी लगेच दुसरी दिली आणि माझ्या कार्डावर लाल पेनने लिहून ठेवलं.

ऑपरेशनबद्दल मला आता पूर्वीइतकी भीती वाटत नाही. नळी आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकदम बदलण्याची पद्धत लंडनमध्ये ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी १९६८ मध्ये मांडली, आजही बेंटॉल म्हणूनच ओळखतात, आपल्याकडच्या मोठ्या शहरांत नेहमी होते. व्हॉल्व्ह चांगला असेल तर तो ठेवून नुसती नळी बदलण्याची टोरांटोच्या टिरोन डेव्हिड यांची पद्धत आहे, १९९२ ची. मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला तर आयुष्यभर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायच्या आयएनआरच्या तपासण्या, आणि तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बनवलेला चित्रा व्हॉल्व्ह १९९० पासून वापरात आहे, परदेशी व्हॉल्व्हपेक्षा स्वस्त, त्याने आपल्या देशातल्या कितीतरी गरीब घरांना वाचवलंय. हॉलिवूडच्या अर्नोल्ड श्वार्झनेगरचा व्हॉल्व्हसुद्धा जन्मतः बायकस्पिडच, १९९७ मध्ये ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तो दोनदा कॅलिफोर्निया राज्याचा गव्हर्नर झाला. हे मी आईला सांगितलं, तिला तो कोण ते माहीत नव्हतं, पण ऑपरेशननंतर माणूस राज्य चालवतो म्हटल्यावर तिला बरं वाटलं.

सध्याचं ठरलंय ते असं. ठोक्याशी जुळवलेल्या सीटीत माझं माप ४३ च आलं, उत्तर ९.६ वरच राहिलं. दर वेळी सीटी म्हणजे रेडिएशन, म्हणून पुढचं माप सहा महिन्यांनी एमआरआयवर, त्याच सेंटरला, त्याच जागी. ते आणि त्याच्या पुढचंही स्थिर राहिलं तर वर्षाला एकदा. खरंच वाढलं तर ५.५ ची वाट बघायची नाही, घरचं सगळं बघून ठरवायचं, आणि सर्जननी हे स्वतःहून फाईलवर लिहिलं, मला भांडावं लागलं नाही. दादाचं वर्षाने.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. बायकस्पिड असलेल्या माणसाच्या आईवडील-भावंडं-मुलांपैकी साधारण दहात एकाला तोच व्हॉल्व्ह सापडतो, म्हणून सगळ्यांचा एकदा इको करा असं सांगतात. दादाचं माझ्यामुळेच कळलं, त्याला काडीचाही त्रास नव्हता. आईचा झाला, तीन पाकळ्या. माझ्या लेकीचा झाला, तीन पाकळ्या, नळी तिच्या वयाला आणि उंचीला साजेशी. काकांच्या दोन्ही पोरांनाही मी सांगितलं होतं, तसं म्हटलं तर ते पहिल्या नात्यात येत नाहीत माझ्या, पण काकांच्या येतात. थोरल्याने करून घेतला, नॉर्मल आला. धाकटा 'बघू गं ताई, द्राक्षाचा सीझन झाला की' म्हणतोय, आणि सीझन होऊन गेला. बाळा, तू हे वाचतोस मला माहितीये. सुई नाही, उपाशी राहायचं नाही, अर्धा तास लागतो. शनिवारची शाळा सकाळची असते, दुपारी मी मोकळी आहे, तुझ्या गाडीवर नको, एसटीने ये, मी स्टँडवर येते आणि तिथूनच बरोबर जाऊ.